हृदय बंद पडलं, पण कशामुळे?

गेल्या अंकात छातीदाब कसा द्यावा हे आम्ही सविस्तर दिलं होतं. त्यानंतर आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकच आहे: छाती दाबून वेळ मिळतो, पण हृदय ज्या कारणानं थांबलं ते दूर करता येतं का? पुष्कळदा येतं. निवडक प्रश्नांची उत्तरं खाली देत आहोत. पत्रलेखकांत परिचारिका आणि डॉक्टरही असल्यानं औषधांच्या मात्रा दिल्या आहेत. त्या त्यांच्यासाठी आहेत, घरी वापरण्यासाठी नाहीत.

प्रश्न : वडिलांचं रुग्णालयात निधन झालं. कागदपत्रांत ‘रिव्हर्सिबल कॉजेस’ शोधल्याची नोंद आहे. ही कोणती कारणं? (पुणे)

कागद न पाहता तुमच्या वडिलांबद्दल बोलणं बरोबर होणार नाही, पण त्या नोंदीचा अर्थ सांगता येईल: हृदय थांबण्याची दूर करता येण्याजोगी कारणं. हृदय थांबल्यावर छातीदाब, श्वास, ॲड्रेनलिन आणि गरज असल्यास विजेचा शॉक हे सगळ्यांना सारखंच मिळतं. त्याच वेळी डॉक्टरांनी आठ कारणं मनात धरून शोध घ्यायचा असतो. डॉक्टर मंडळी ती इंग्रजी आद्याक्षरांवरून चार ‘एच’ आणि चार ‘टी’ म्हणून पाठ करतात. पहिल्या चारांत ऑक्सिजनची कमतरता, रक्त किंवा पाणी फार कमी होणं, पोटॅशियमसारख्या क्षारांचा बिघाड आणि शरीराचं तापमान धोकादायक घसरणं किंवा चढणं ही येतात. दुसऱ्या चारांत हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतली गाठ, छातीत कोंडलेली हवा, हृदयाभोवतीच्या पिशवीत साचलेलं रक्त किंवा पाणी, आणि विष किंवा औषधाचा अतिरेक.

शॉक देण्याजोगा ताल असेल तर शॉक लवकर देण्याला पहिला मान. मॉनिटरवर सरळ रेषा असेल, किंवा लाटा दिसत असूनही नाडी लागत नसेल, तर शॉकचा उपयोग नसतो आणि सगळी भिस्त कारण सापडण्यावर राहते. कारण सापडण्याचा सगळ्यात जलद मार्ग म्हणजे नातेवाइकांना विचारणं. ‘कालचं डायलिसिस चुकलं’, ‘आठ दिवसांपूर्वी पायाचं ऑपरेशन झालं’, ‘इंजेक्शन दिल्यावर लगेच अंगावर गांध्या उठल्या’ अशा एकेका वाक्यानं उपचाराची दिशा बदलते. म्हणून घाईतसुद्धा एका नातेवाइकानं औषधांची पिशवी आणि जुने कागद घेऊन डॉक्टरांच्या नजरेसमोर थांबावं.

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयात मॉनिटर, ईसीजी, ग्लुकोमीटर आणि ऑक्सिजन आहे. सोनोग्राफी आणि रक्तवायू तपासणी नाही. रात्री एकच डॉक्टर असतात. मॉनिटरवर लाटा आहेत पण नाडी नाही, अशा वेळी आम्ही काय काय बघावं? (परिचारिका, नंदुरबार जिल्हा)

आधी कामं वाटून घ्या. मिनिटाला १०० ते १२० या गतीनं, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देणारे दोघं, दर दोन मिनिटांनी पाळी बदलून. तिसऱ्यानं अँब्यू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी) धरायची, चौथ्यानं सुई आणि औषधं. डॉक्टरांनी शक्यतो हात मोकळे ठेवून विचार करायचा. दाब देण्यात अडकलेल्या डॉक्टरला कारण सुचत नाही, हा नेहमीचा अनुभव आहे.

ऑक्सिजनची शंका सगळ्यात आधी फेडा, कारण तीच सर्वाधिक सोपी आणि सर्वाधिक दुर्लक्षित. सिलिंडर खरंच उघडा आहे का? नळी बॅगला जोडलेली आहे का, की भिंतीशीच लोंबकळतेय? बॅगला मागची राखीव पिशवी आहे का आणि प्रवाह १० ते १५ लिटर आहे का? प्रत्येक फुंकरीला छाती दोन्ही बाजूंनी उठते का? मोठ्या माणसाची बॅग साधारण दीड लिटरची असते. त्यातली ५००–६०० मिली हवा पुरते, म्हणजे बॅग पूर्ण पिळायची गरज नसते. जोरात पिळली की हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी वर येते आणि फुप्फुसात उतरते. घशात नळी घातली असेल तर दाताशी तिची खूण बघा: बाईला २१ आणि पुरुषाला २३ सेंटिमीटरच्या आसपास. त्याहून खोल गेली की ती उजव्या फुप्फुसात शिरते आणि डावी बाजू हलत नाही.

मग मानेकडे बघा. मानेच्या शिरा सपाट असतील तर रक्त किंवा पाणी कमी झालंय असं समजून शोधा: प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, ताणलेलं पोट, काळी शौच, मोडलेली मांडी, जुलाब. तरुण बाईची पाळी चुकली असेल तर गर्भनलिकेतली गर्भधारणा फुटल्याची शंका घ्या. दोन जाड सुया लावून सलाईन वेगात सोडा आणि रक्तपेढीला लगेच कळवा. रक्त वाहत असेल तर बाहेरून दाबून थांबवणं हे सलाईनपेक्षा महत्त्वाचं. शिरा फुगलेल्या असतील तर अडथळा समजा: छातीत कोंडलेली हवा, हृदयाभोवती साचलेलं पाणी किंवा फुप्फुसातली गाठ. मात्र रक्तस्राव आणि कोंडलेली हवा एकाच अपघातात असतील तर शिरा सपाटही राहू शकतात.

मॉनिटरवरच्या लाटेची रुंदीही मदतीला येते. अरुंद, नीटनेटकी लाट आणि नाडी नाही, तर बहुधा हृदयातला विजेचा प्रवाह ठीक आहे, अडचण हृदयात रक्त भरण्याची किंवा अडथळ्याची आहे. लाट रुंद आणि बेढब असेल तर पोटॅशियम, विष किंवा मोठा हार्ट अटॅक यांकडे वळा. हा नियम पक्का नाही, पण यंत्रं नसताना शोध कुठून सुरू करायचा ते त्यानं ठरतं.

साखर तपासताना रक्त शिरेतून घ्या. रक्ताभिसरण थांबलेल्या माणसाच्या बोटाच्या टोकातलं रक्त फसवं असतं. साखर फार कमी असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली. आणि हे सगळं छातीदाब न थांबवता. तपासणीसाठी मिळणारी सवड म्हणजे ताल बघतानाचे दहा सेकंद, तेवढीच.

प्रश्न : आई सहा वर्षं डायलिसिसवर आहे. पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं असं युनिटमध्ये सांगतात. आधी काही लक्षण दिसतं का, आणि थांबलंच तर काय उपचार? (सोलापूर)

दिसतं, पण भरवशाचं नाही. हातापायात अशक्तपणा, पाय जड होणं, नाडी मंद होणं ही लक्षणं असू शकतात. काहींना काहीच जाणवत नाही. ईसीजीत आधी टोकदार, उंच ‘टी’ लाट येते, मग ‘पी’ लाट सपाट होत जाते, नंतर मधला भाग रुंदावतो आणि शेवटी सगळं मिळून नागमोडी रेघ उरते. क्रम नेहमी असाच राहतो असं नाही. पहिलाच ईसीजी नागमोडी निघालेले रुग्ण असतात.

धोका जास्त असतो तो दोन डायलिसिसमधल्या लांब खंडानंतर. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर दोन दिवसांच्या सुट्टीनंतरची सकाळ सांभाळा. लग्नसराईत, दिवाळीत सत्र पुढं ढकललं जातं आणि त्याच दिवसांत शहाळं, मोसंबीचा रस, सुकामेवा पोटात जातो. हे दोन्ही एकत्र येऊ देऊ नका. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठ बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइडचं असतं. रक्तदाबाच्या रुग्णाला चालणारं ते मीठ तुमच्या आईला चालणार नाही. बटाट्यासारख्या भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावं.

आई कोसळली, श्वास नाही, तर १०८ ला फोन आणि छातीदाब. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘डायलिसिसचा रुग्ण, शेवटचं डायलिसिस अमुक दिवशी.’ रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करायला एवढं पुरतं.

उपचाराचे टप्पे असे. आधी कॅल्शियम: १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट ३० मिली, म्हणजे १० मिलीच्या तीन अँप्युल, शिरेतून भरभर. कॅल्शियम क्लोराइड असेल तर १० मिली. कॅल्शियमनं पोटॅशियम उतरत नाही, हृदयाच्या पेशींना तात्पुरतं संरक्षण मिळतं. ते काही मिनिटांत लागू पडतं आणि अर्ध्या-एक तासात ओसरतं. मग शिरेत लावलेली नळी सलाईननं धुऊन सोडियम बायकार्बोनेट ५० मिलीच्या आसपास. नळी न धुता दिलं तर कॅल्शियमशी संयोग होऊन पांढरा गाळ बनतो, सुई बंद पडते आणि दोन्ही औषधं वाया जातात. त्यानंतर साधं इन्सुलिन १० युनिट आणि सोबत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली. यानं पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं. इथं होणारी चूक पुढच्या तासांतली आहे: हृदय सुरू झालं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि मूत्रपिंड निकामी असल्यानं इन्सुलिन रेंगाळून साखर खाली जाते. म्हणून किमान सहा तास दर तासाला साखर बघावी.

पोटॅशियम शरीराबाहेर काढणारा खरा उपाय डायलिसिस. जिथं सोय आहे तिथं तो छातीदाब चालू असतानाही करता येतो. एरवी फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या) हाताला सुई लावू नये हा नियम तुम्हाला ठाऊक असेलच. हृदय थांबलेलं असताना दुसरी शीर मिळत नसेल तर मात्र तो बाजूला ठेवता येतो.

प्रश्न : मग कॅल्शियम आणि बायकार्बोनेट सगळ्यांनाच का देत नाहीत? आमच्याकडे जुने डॉक्टर देतात. (इंटर्न, नागपूर)

कारण फायदा दिसलेला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या चाचणीत रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांना सरसकट कॅल्शियम दिलं गेलं. नाडी परत आली ती कॅल्शियमवाल्यांपैकी १९ टक्क्यांची आणि नुसतं सलाईन मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांची. चाचणी मध्येच थांबवावी लागली. बायकार्बोनेटचंही सरसकट समर्थन नाही. पोटॅशियम वाढलेलं असणं किंवा अमिट्रिप्टिलिनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांचा अतिरेक, अशा ठरावीक ठिकाणीच ते वापरावं. ‘देऊन तर बघू’ हा विचार इथं निरुपद्रवी नाही. प्रत्येक अनावश्यक इंजेक्शन एकाचे हात आणि सगळ्यांचं लक्ष खाऊन टाकतं.

प्रश्न : आमच्या भागात मण्यार चावून माणसं झोपेतच गेल्याचं ऐकतो. दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास थांबला तर काही उपयोग असतो का? (शिक्षक, रायगड जिल्हा)

असतो, आणि या यादीतलं कदाचित सगळ्यात उमेद देणारं कारण हेच. मण्यारीचं विष हृदयावर थेट घाव घालत नाही. ते नसा आणि स्नायूंच्या जोडावर बसतं, श्वासाचे स्नायू लुळे पडतात, ऑक्सिजन संपतो आणि मग हृदय थांबतं. म्हणजे वेळेवर श्वास दिला तर हृदय थांबायचं कारणच उरत नाही.

मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश इतका हलका की माणूस जागाही होत नाही. सूज नसते, खूण बरेचदा सापडत नाही. पहाटे पोटात कळा, घसा दुखणं, उलटी, अशी तक्रार सुरू होते आणि घरचे अपचन समजून सोडा देतात. पुढं पापण्या जड होतात, दोन-दोन दिसतं, बोलणं नाकातून येतं, लाळ गिळवत नाही. पावसाळ्यात, खाली झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्या पडणं हे दोन्ही असेल तर खूण शोधत बसू नका. मण्यारच समजा.

दंश झालेला भाग हलू न देता न्या. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे एक तासही घालवू नका. लाळ गळत असेल तर कुशीवर झोपवा. श्वास उथळ झाला की तोंडानं किंवा बॅगनं श्वास देत राहा, दर सहा सेकंदांना एक. नाडीही गेली तर तीस दाब आणि दोन श्वास. या रुग्णाला नुसता छातीदाब अपुरा पडतो.

रुग्णालयात लस: सुरुवातीला १० कुप्या, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापानं सोडलेलं विष मुलाच्या वजनानुसार कमी होत नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. लस देताना ॲलर्जीचा झटका आला तर ॲड्रेनलिन अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. ही मोठ्यांची मात्रा आहे. सिरिंज आधीच भरून ठेवावी. एकदा नसांच्या टोकांवर बसलेलं मण्यारीचं विष लशीनं निघत नाही. लस रक्तातलं उरलेलं विष मारते. नसा सावरेपर्यंत व्हेंटिलेटर लागतो, कधी कधी कित्येक दिवस.

यातली सगळ्यात घातक गफलत अशी: पूर्ण लुळा पडलेला रुग्ण डोळे उघडत नाही, बाहुल्या मोठ्या आणि प्रकाशाला न हलणाऱ्या दिसतात, आणि कुणीतरी ‘मेंदू गेला’ म्हणून मोकळं होतं. बाहुल्यांचे स्नायूही त्याच विषानं लुळे पडलेले असतात. आतला माणूस शुद्धीवर असू शकतो, आपलं बोलणं ऐकत असतो. असा रुग्ण चालत घरी जाऊ शकतो. त्याचा श्वास सोडू नका.

प्रश्न : रुग्णवाहिकेत दम्याच्या रुग्णाला बॅगनं श्वास देताना नाडी गेली. अशा वेळी काय तपासावं? (रुग्णवाहिका कर्मचारी, छत्रपती संभाजीनगर)

दोन शक्यता, आणि दोन्ही हवेच्याच. पहिली, आपणच हवा भरत गेलो. दम्यात हवा आत जाते पण बाहेर यायला वेळ लागतो. घाबरून मिनिटाला २५–३० वेळा बॅग दाबली की छाती फुग्यासारखी भरते आणि हृदयाकडे रक्तच परतत नाही. बॅग नळीपासून सोडवा, दोन्ही हातांनी छाती बाजूंनी दाबून हवा बाहेर काढा. काहींची नाडी एवढ्यानंच परत येते. पुढं मिनिटाला ८ ते १०, हळू.

तसं झालं नाही तर दुसरी शक्यता: फुप्फुस फाटून छातीत हवा कोंडली. एक बाजू फुगलेली, हलत नाही, आवाज येत नाही, टिचकी मारली तर ढोलासारखी वाजते, बॅग दाबायला जड जाते. श्वासनलिका बाजूला सरकणं हे उशिराचं लक्षण, त्याची वाट बघू नये. एक्स-रेचीही नाही. आधी नळी फार खोल गेलेली नाही ना एवढं बघून डॉक्टरांनी जाड, १४ नंबरची सुई घालावी. पूर्वी हंसळीच्या हाडाच्या मध्याखाली, बरगड्यांमधल्या दुसऱ्या फटीत घालायला शिकवत. २०१८ पासून अपघात-उपचाराच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणात मोठ्या माणसासाठी चौथी किंवा पाचवी फट, बगलेच्या मध्यरेषेच्या जरा पुढे, अशी जागा सांगतात. लहान मुलांत दुसरी फटच. सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून, कारण रक्तवाहिन्या बरगडीच्या खालच्या कडेनं जातात. साधी सलाईनची सुई जाड छातीत पोचत नाही, मुडपते, रक्तानं बंद होते. म्हणून ‘हवा आली नाही’ म्हणजे हवा नव्हतीच असं धरू नये. बोट जाईल एवढा छेद देऊन खात्री करणं जास्त भरवशाचं. नंतर छातीत नळी घालावीच लागते.

प्रश्न : गरोदर बाई कोसळली तर छाती दाबायची का? बाळाला इजा होणार नाही का? (आशा कार्यकर्ती, पालघर)

दाबायची, नेहमीच्याच जागी, तेवढ्याच जोरानं. आईचं रक्ताभिसरण हेच बाळाचं. गर्भाशय बेंबीपर्यंत किंवा वर असेल तर दुसऱ्या माणसानं दोन्ही हातांनी ते तिच्या डाव्या बाजूला ओढून धरायचं, नाहीतर मागच्या मोठ्या शिरेवर त्याचा भार पडून रक्त हृदयाकडे येत नाही. पाठ सरळच ठेवा, कुशीवर वळवलं तर दाब वाया जातो. सुई हातात, पायात नको. रुग्णालयात चार मिनिटांत नाडी आली नाही तर तिथल्या तिथं पोट उघडून पाचव्या मिनिटाच्या आत बाळ काढायचं असतं. शस्त्रक्रियागृहात हलवायचं नाही. हे बाळासाठी जितकं, तितकंच आईसाठी असतं. गर्भाशय रिकामं झालं की अनेकदा तिचं हृदय साथ देऊ लागतं.

प्रश्न : गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी मामा संडासाला जाताना कोसळले. गाठ फुप्फुसात गेली म्हणाले आणि तासाहून जास्त वेळ छाती दाबत होते. इतका वेळ दाबण्यात अर्थ असतो का? (ठाणे)

या एका कारणात असतो. पायाच्या खोल शिरेतली गाठ सुटून फुप्फुसाच्या मुख्य वाहिनीत अडकते. उठताना, संडासात जोर लावताना ती सुटणं हा ओळखीचा प्रसंग आहे. आधी एका पायाला सूज, पोटरी दुखणं, अचानक धाप असं काही असू शकतं. गाठ विरघळवायला अल्टेप्लेज ५० मिलिग्रॅम एकदम, किंवा वजनानुसार टेनेक्टेप्लेज देतात. औषध रक्तातून गाठीपर्यंत पोचायला छातीदाबच लागतो आणि गाठ सैल व्हायला वेळ लागतो. म्हणून ते दिल्यावर ६० ते ९० मिनिटं दाब चालू ठेवण्याची शिफारस आहे. ताज्या ऑपरेशनमुळे रक्तस्रावाची भीती असते, पण हृदय बंद असताना तिचं वजन कमी ठरतं.

कारण माहीत नसताना प्रत्येकाला हे औषध देऊन उपयोग नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत सरसकट टेनेक्टेप्लेज देऊन जगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही. सोनोग्राफीत हृदयाची उजवी बाजू फुगलेली दिसणं हाही एकटा पुरावा नव्हे. हृदय बराच वेळ बंद राहिलं की कोणत्याही कारणात ती फुगते. तुमच्या मामांच्या बाबतीत ऑपरेशनची तारीख हाच मोठा पुरावा होता.

प्रश्न : वीज पडून दोघे-तिघे एकदम कोसळले तर आधी कुणाला बघायचं? (परभणी)

जो निपचित आहे, श्वास घेत नाही, त्याला. इतर अपघातांत उलट करतात, पण विजेत जो ओरडतोय तो बहुतेक वाचतो. विजेच्या झटक्यानं थांबलेलं हृदय कित्येकदा आपोआप सुरू होतं, श्वास मात्र लुळाच राहतो आणि ऑक्सिजनअभावी हृदय दुसऱ्यांदा बंद पडतं. म्हणून नाडी असली तरी श्वास देत राहा. पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, हात लावायला भिऊ नका. शेतातल्या मोटारीचा शॉक असेल तर मात्र आधी स्टार्टर नव्हे, मेन स्विच बंद करा. स्टार्टर बंद केला तरी पेटीपर्यंतच्या वायरीत प्रवाह असतोच.